स्केट पार्कसाठी जागा आणि पैसा

स्केट पार्क म्हणजे स्केटबोर्ड चालवण्यासाठी काँक्रीटमध्ये घडवलेले मैदान. चाकांचे बूट घालून फेऱ्या मारण्याची सपाट रिंक महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत ओळखीची आहे. स्केट पार्क तिच्याहून वेगळा असतो. त्यात पायऱ्या, कठडे, लोखंडी दांडे आणि उतार असतात. काही ठिकाणी जमिनीतून वर वळत जाणारे वक्र चढ आणि ‘बोल’ म्हणून ओळखले जाणारे खोल गोलाकार खड्डे असतात. मुले उतारावर वेग घेतात आणि त्याच वेगावर पुढचा अडथळा पार करतात. त्यामुळे चढाची गोलाई, दोन अडथळ्यांमधले अंतर आणि पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा यांवर सगळा खेळ अवलंबून असतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली स्केटबोर्डिंग प्रथमच खेळवले गेले, आणि त्यानंतर अशा मैदानांची मागणी लहान शहरांतूनही होऊ लागली.

मागणी झाली की पहिला प्रश्न पैशाचा निघतो. खरे तर तो जागेचा असायला हवा. पालिकेकडे जी जमीन इतर कशालाच चालत नाही, गावाबाहेरची किंवा कचरा डेपोशेजारची, ती स्केट पार्कसाठी सुचवली जाते, आणि काहीतरी मिळते आहे म्हणून ती स्वीकारलीही जाते. मग दहा-बारा वर्षांच्या मुलाला तिथे एकट्याने जाता येत नाही, मुलींना घरून परवानगी मिळत नाही, संध्याकाळी तिथे वेगळीच माणसे जमू लागतात. दोन वर्षांत मैदान ओस पडते आणि शहरात या खेळाला मागणीच नाही, असा निष्कर्ष काढला जातो. दोष असतो जागेचा आणि शिक्षा होते मुलांना.

जागेचे मोल किती असते, हे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या अनुभवातून चांगले कळते. शहराच्या मध्यभागी 1965 साली बांधलेला एक चौक तिथल्या ‘लव्ह’ या शिल्पामुळे ‘लव्ह पार्क’ म्हणून ओळखला जातो. ग्रॅनाइटच्या पायऱ्या आणि कट्टे असलेला हा चौक स्केटबोर्डसाठी बांधलेला नव्हता, पण नव्वदच्या दशकात जगभरचे खेळाडू त्याला ओळखू लागले. 2002 साली शहराने चौकाचे नूतनीकरण करून खेळाडूंना तिथून बाहेर काढले. ज्यांच्या कल्पनेतून हा चौक उभा राहिला ते नगररचनाकार एडमंड बेकन तेव्हा 92 वर्षांचे होते. निषेध म्हणून ते स्वतः त्या चौकात स्केटबोर्डवर उभे राहिले. डीसी शूज या कंपनीने 2004 साली चौकाच्या देखभालीसाठी 10 लाख डॉलर देऊ केले, तरी शहराने खेळाला परवानगी दिली नाही. पैसा समोर होता आणि खेळाडूही होते. जागा मात्र मिळाली नाही.

शहराने नव्वदच्या दशकात पर्याय म्हणून दक्षिण भागातील एफडीआर पार्कमध्ये महामार्गाच्या पुलाखाली काही अडथळे बांधून दिले होते. ते खेळाडूंच्या उपयोगाचे नव्हते. त्यांनी मग स्वतः सिमेंट आणून, वर्षानुवर्षे राबून तिथे वेगळेच मैदान घडवले. वर पूल असल्याने पावसापासून आडोसा होता, आसपास घरे नसल्याने आवाजाची तक्रार करणारे कोणी नव्हते. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखाली 1990 साली असेच काम विनापरवाना सुरू झाले होते. शेजारच्या व्यावसायिकांना त्या दुर्लक्षित कोपऱ्यातली वर्दळ हवीशी वाटली आणि पुढे शहरानेही मान्यता दिली. बर्नसाइडच्या बांधकामात घडलेल्या काहींनी नंतर स्केट पार्क बांधणाऱ्या व्यावसायिक कंपन्या काढल्या.

महाराष्ट्रातल्या दाट शहरांसाठी उड्डाणपुलाखालच्या जागेचा विचार म्हणूनच करण्यासारखा आहे. मुंबईत माटुंग्याच्या तुळपुळे उड्डाणपुलाखाली 2016 साली नानालाल डी. मेहता उद्यान उभे राहिले. भर रस्त्यातली अशी जागा लोक वापरतात, हे त्याने दाखवून दिले. मात्र पूल ज्या यंत्रणेचा आहे तिचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, खांबांच्या तपासणीसाठी वाट मोकळी ठेवावी लागते आणि मुलांना रहदारी ओलांडून यावे लागणार असेल तर आधी रस्ता ओलांडण्याची सोय करावी लागते.

चांगली जागा शाळेपासून किंवा बसथांब्यापासून चालत जाण्याइतकी जवळ असते, आणि रस्त्यावरून, दुकानांतून, चालायला येणाऱ्यांच्या नजरेतून दिसते. सुरक्षारक्षकापेक्षा ही येती-जाती नजर अधिक कामाची. झाडीमागे किंवा उंच भिंतीआड लपलेले मैदान लहान मुलांना नकोसे होते. घरांपासून थोडे अंतर हवे, कारण काँक्रीटवर लाकडी फळी आपटल्याचा आवाज तीव्र आणि अनियमित असतो. शेजारी आधीच मैदान किंवा बाग असेल तर पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि दिवे यांचा वेगळा खर्च वाचतो. वाळूचा खेळ मात्र लगत नको. चाकाखाली आलेला बारीक खडाही मुलाला पाडतो. उन्हाळ्यात दुपारी काँक्रीट तापते, म्हणून पश्चिमेकडे सावली हवी, पण पाने आणि मुळे बांधकामापर्यंत पोहोचणार नाहीत इतक्या अंतरावरच्या झाडांची.

जमिनीच्या आतही बरेच पाहावे लागते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी कसदार माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेला स्लॅब तडकतो, आणि तडा गेलेला स्केट पार्क म्हणजे खेळण्याजोगा न राहिलेला स्केट पार्क. अशा ठिकाणी वरची माती काढून मुरमाचा भराव दाबून बसवावा लागतो आणि तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून दाखवावा लागतो. खाली लगेच खडक लागत असेल तर बोल खणण्याऐवजी भराव घालून वर बांधणे स्वस्त पडते. कोकणात भूजल वर असते आणि पाऊस मुसळधार, म्हणून बोलच्या तळाशी निचरा व ते पाणी वाहून नेण्यासाठी खाली उतार असलेला नाला, दोन्ही हवेत. नदीकाठची मोकळी जमीन आकर्षक दिसते, पण तिथे पूररेषा तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जमीन विकास आराखड्यात कशासाठी राखीव आहे आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर मालक कोण आहे, हे मुलांना नकाशा दाखवण्याआधी पाहिलेले बरे. एकदा स्वप्न दाखवून जागा रद्द झाली की त्या मुलांना पुन्हा सभेला बोलावणे अवघड जाते.

जागा ठरली की पैशाची भाषा बदलते. ‘आम्हाला स्केट पार्क हवा’ या अर्जापेक्षा ‘या सर्व्हे नंबरवर, या नकाशानुसार, एवढ्या मुलांसाठी’ हा प्रस्ताव देणगीदाराला समजतो. म्हणून पहिली रक्कम माती परीक्षण, मोजणी आणि आराखडा यांसाठी उभी करावी. ती लहान असते, स्थानिक वर्गणीतून जमू शकते, आणि आपण गंभीर आहोत हा पुरावा ठरते. टोनी हॉक या प्रसिद्ध स्केटबोर्डपटूने 2002 साली स्थापन केलेली संस्था, आताचे नाव ‘द स्केटपार्क प्रोजेक्ट’, अमेरिकेतील शेकडो मैदानांना अनुदान देत आली आहे. तिची अनुदाने बरीच वर्षे 1,000 ते 25,000 डॉलरपर्यंत असत. पूर्ण बांधकामाच्या मानाने ही रक्कम थोडी, पण कमी उत्पन्नाच्या वस्त्या आणि आराखड्यात स्थानिक मुलांचा सहभाग यांना प्राधान्य दिल्यामुळे तिच्या नावाने इतरांचा विश्वास बसतो. धीर मात्र लागतो. फिलाडेल्फियात स्केट पार्कसाठी 2001 साली निधी संस्था स्थापन झाली आणि नदीकाठचा पेन्स पार्क हा स्केट पार्क उघडला 2013 साली, सुमारे 45 लाख डॉलर खर्चून.

भारतात वाटा वेगळ्या आहेत. कंपनी कायदा 2013 मधील कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यासाठीच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांना चालना देणारे प्रशिक्षण आहे. प्रस्तावात म्हणूनच नुसते काँक्रीट न मांडता प्रशिक्षक, बोर्ड, हेल्मेट आणि वर्षभराचे वर्ग मांडावेत. खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता निर्माण व्हावी ही त्यात अट असते. आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती आणि पालिकेचे क्रीडा अंदाजपत्रक या ओळखीच्या वाटाही आहेतच. सिमेंट, सळई आणि जेसीबीचे तास वस्तुरूपात देणारे स्थानिक व्यावसायिक रोख देणाऱ्यांपेक्षा लवकर मिळतात.

देशातले काही पार्क सरकारी पैशाविना उभे राहिले. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात, जनवार गावी, 2015 साली उलरिके राइनहार्ड या जर्मन महिलेच्या पुढाकाराने पार्क बांधला गेला. शाळेत गेल्याशिवाय स्केटबोर्ड नाही आणि मुलींना आधी संधी, हे तिथले दोन नियम. आदिवासी आणि यादव कुटुंबांची मुले तिथे एकत्र खेळू लागली. राजस्थानात खेमपूर येथे ‘स्केटर गर्ल’ या 2021 च्या चित्रपटासाठी बांधलेला खराखुरा पार्क चित्रीकरणानंतर गावातल्या मुलांसाठी राहिला.

निधी सरकारी असेल तर निविदेच्या टप्प्यावर डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. सर्वांत कमी दराचा कंत्राटदार पदपथ आणि गटारे उत्तम बांधत असेल, पण वक्र चढाची गोलाई दोन इंच चुकली तरी बोर्ड अडखळतो आणि मूल तोंडावर पडते. स्केट पार्क बांधण्याचा पूर्वानुभव, वक्रतेचे फर्मे लावून काम, आणि खेळाडूंकडून प्रत्यक्ष चाचणी झाल्यावरच शेवटचे देयक, या अटी निविदेत लिहून घ्याव्यात. लाकडी किंवा पत्र्याचे तयार अडथळे सुरुवातीला स्वस्त पडतात, पण पावसाळ्यात कुजतात आणि गंजतात. काँक्रीटला रोजच्या झाडण्याखेरीज फारसे काही लागत नाही. तरी सांध्यांची दुरुस्ती, दिवे आणि सफाई यांसाठी वार्षिक तरतूद, आणि ती कोणाच्या खात्यातून जाणार याचा ठराव, बांधकामाच्या मंजुरीबरोबरच सभागृहात करून घ्यावा. सुरक्षेचे नियमही तेव्हाच ठरवावेत. कॅलिफोर्नियाने 1997 साली कायदा करून देखरेखीविना चालणाऱ्या सार्वजनिक स्केट पार्कमध्ये हेल्मेट, कोपर आणि गुडघ्यांचे पॅड बंधनकारक करणारे स्थानिक नियम व फलक यांची अट घातली आणि त्याबरोबर पालिकांवरची नुकसानभरपाईची जबाबदारी मर्यादित केली. त्यानंतर तिथल्या शहरांची भीती ओसरली आणि स्केट पार्क बांधण्याची वाट मोकळी झाली.