विद्युत प्रवाह आणि विहिरीवरील मोटर

बीड जिल्ह्यातील पुष्कळशी बागाईत शेती विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यावर अवलंबून आहे. हे पाणी उपसणारी मोटर ऐन पाळीच्या वेळी जळाली, तर दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय उभे पीक सुकते. विद्युत प्रवाह म्हणजे काय, हे समजून घेतल्यास हे नुकसान बव्हंशी टाळता येते.

उंचावरील हौदातून नळीने पाणी सोडले असता हौदाची उंची जास्त असेल तितके पाणी जोराने वाहते. नळी अरुंद असेल तितके ते कमी येते. विजेचेही तसेच आहे. ढकलणाऱ्या जोरास विद्युतदाब म्हणतात व तो व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून वाहणारा तो प्रवाह; त्याचे माप अँपिअर. तारेचा अडथळा तो रोध. त्याचे माप ओहम. दाबास रोधाने भागले असता प्रवाह मिळतो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने 1827 साली प्रसिद्ध केला.

परळीच्या औष्णिक केंद्रातील पहिला संच 1971 साली सुरू झाला. तेथे कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ करून जनित्रे फिरवितात. म्हणूनच 2015 साली पाणीटंचाईमुळे हे केंद्र बंद ठेवावे लागले. मात्र तारेतील विद्युत्कण केंद्रापासून शेतापर्यंत चालत येत नाहीत. ते जागच्या जागी सेकंदास 50 वेळा पुढेमागे होतात आणि तेवढ्यानेच शक्ती पोहोचते.

पाच अश्वशक्तीची त्रिफेज मोटर 415 व्होल्ट दाबावर सुमारे 8 अँपिअर प्रवाह घेते. दाब कमी झाला की साध्या दिव्याचा प्रवाह घटतो. मोटरीचा मात्र वाढतो, कारण तिला पाणी तितकेच उचलावयाचे असते. दाब 330 व्होल्टपर्यंत उतरला, तर प्रवाह 10 अँपिअरच्या आसपास जातो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेटोळी दीडपटीहून अधिक तापतात व त्यांवरील आवरण जळते. तीनपैकी एक फेज गेल्यासही असेच घडते. यास्तव स्टार्टरवरील ओव्हरलोड रिले मोटरीच्या पाटीवरील अँपिअरइतकाच लावावा. फ्यूजच्या जागी जाड तार कदापि घालू नये. फ्यूज वितळतो तो मोटर वाचविण्यासाठीच.

याहून मोलाचा आहे माणसाचा जीव. शरीरातून 0.03 अँपिअर, म्हणजे मोटरीच्या प्रवाहाच्या अडीचशेव्या हिश्श्याहूनही कमी प्रवाह गेला, तरी प्राणास धोका संभवतो. ओल्या कातडीचा रोध फार घटतो. त्यामुळे भिजलेल्या हातांनी किंवा चिखलात उभे राहून स्टार्टरला स्पर्श करू नये. मोटरीची व स्टार्टरच्या पेटीची अर्थिंग पक्की असावी आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यातही ओल ठेवावी. कोणास धक्का बसल्यास त्यास हाताने ओढू नये; प्रथम मुख्य स्विच बंद करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी प्रत्येक वस्तीवर जाऊन रिले, फ्यूज व अर्थिंग या तीन गोष्टी जाणकार तारतंत्र्याकडून तपासून घेण्यास शेतकरी बंधूंना प्रवृत्त करावे. या तपासणीस अर्धा तास पुरतो. जळालेली मोटर भरून येईपर्यंत मात्र पिकाची एक पाळी हुकते.