छबिलदास नावाचा पत्ता

प्रायोगिक रंगभूमीच्या आठवणी निघाल्या की नाटककारांची नावं आधी येतात, मग दिग्दर्शकांची. जागा कुणी आठवत नाही. अपवाद एकच, छबिलदास. दादर पश्चिमेला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरची मुलांची शाळा. 1974च्या सुमारास तिच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेचे प्रयोग सुरू झाले, आणि पुढे दीडेक दशक मुंबईतल्या नाटकवेड्यांचा तोच पत्ता होता.

शाळेशी नातं मात्र जुनं. सुलभा देशपांडे तिथे शिक्षिका होत्या आणि वर्गातल्या मुलांसाठी विजय तेंडुलकरांकडून नाटुकली लिहून घेत. 1967 साली 'रंगायन' या नाट्यसंस्थेच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये त्या लीला बेणारे झाल्या, तीही शिक्षिकाच. पुढे 'रंगायन'मध्ये फूट पडली. अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी 1971 मध्ये 'आविष्कार' उभी केली.

'आविष्कार'ने ही जागा स्वतःपुरती ठेवली नाही, हे मला तिच्या कुठल्याही गाजलेल्या नाटकापेक्षा मोठं वाटतं. सत्यदेव दुबे तिथे नाटकं करत, अमोल पालेकर करत, पुण्याहून 'थिएटर अकॅडमी' येई आणि ज्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं अशी पोरंही हिमतीने उभी राहत. सगळेच प्रयोग चांगले होते असं नाही. काही तर चक्क रटाळ होते, पण ते बघायलाही माणसं यायची आणि तोंडावर सांगायची.

तोंडावर सांगायला अंतर लागत नव्हतं. त्याच दादरात शिवाजी मंदिरला पडदा, खाली-वर खुर्च्या, मध्यंतरातली गर्दी असा सगळा थाट. इथे नट आणि प्रेक्षक एकमेकांच्या इतके जवळ, की नटाच्या कपाळावरचा घाम दिसे आणि नटालाही पहिल्या रांगेतली जांभई दिसे. प्रयोग संपला की मंडळी गल्लीत उतरत. छबिलदास गल्लीतला बटाटेवडा तेव्हाही प्रसिद्ध होता. तो गरम वडा हातात धरून नाटककाराशी वाद घालायचा आणि मग शेवटच्या गाड्यांची वेळ बघत पांगायचं. मराठी समीक्षेतला बराच ऐवज त्या फुटपाथवरच विरून गेला असावा.

हे सगळं चालवायचं म्हणजे तारखा, भाडं, तिकिटं, सामानाची ने-आण. ते काम काकडेकाकांचं. स्वतः नोकरी सांभाळून त्यांनी ते केलं. चळवळीच्या इतिहासात अशा माणसाला एखादं वाक्य मिळतं, आणि तेही बहुधा आभारप्रदर्शनात.

1987 मध्ये अरविंद देशपांडे गेले. नव्वदीच्या सुरुवातीला छबिलदासही सुटलं आणि 'आविष्कार' माहीमच्या महापालिका शाळेत गेली. काम थांबलं नाही: 1994 मध्ये महेश एलकुंचवारांची वाडा-नाट्यत्रयी चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली याच संस्थेने सलग रंगवली. पण विस्कटलं ते वेगळंच. एकमेकांची नाटकं बघणारे गट आता आपापल्या तालमींच्या जागी गेले.

सुलभाताई 2016 मध्ये गेल्या, काकडेकाका 2019 मध्ये. छोटी नाट्यगृहं आज मुंबईत आहेत, दिवे-ध्वनी उत्तम आहेत. फक्त पुढचा कार्यक्रम लागलेला असतो, त्यामुळे टाळ्या संपायच्या आत सेट उचलायला सुरुवात होते.