मनोरा कोणी बांधला?

रविवारी सकाळी मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या कडेने पंधरा-वीस माणसे मान वर करून चालताना दिसतात. पुढे एक मार्गदर्शक असतो. तो थांबला की सारे थांबतात. मैदानाच्या पूर्वेस जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय अशी व्हिक्टोरियन काळातील वास्तूंची रांग उभी आहे. 2018 साली युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तेव्हा अशा फेऱ्या निघाव्यात हे योग्यच होय. मात्र त्या बहुधा इंग्रजीतून चालतात आणि त्यांत ऐकू येणारी नावेही बहुधा इंग्रजांचीच असतात. स्कॉट, फुलर, विल्किन्स, स्टीव्हन्स.

ज्या राणीच्या नावाने हा काळ ओळखला जातो, ती हिंदुस्थानात कधीच आली नाही. राजाबाई मनोऱ्याचा आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीही मुंबई पाहिली नव्हती. त्यांची रेखाटने लंडनहून आली. मग हा 280 फुटी मनोरा उभारला कोणी? पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले असताना, 1864 साली, त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. राजाबाई हे त्यांच्या मातोश्रींचे नाव. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदांचे वैभव धुळीस मिळाले. दान तेवढे टिकले. दगड कुर्ल्याच्या खाणीतला. आणि मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या ज्या चोवीस मूर्ती आहेत, त्यांचे नमुने घडविले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्यांनी. परक्या शैलीच्या मनोऱ्यावर आपल्याच लोकांचे चेहरे व पोशाख कोरलेले असावेत, ही गोष्ट स्कॉटच्या कीर्तीइतकीच सांगण्याजोगी नाही काय?

उच्च न्यायालयाच्या इमारतीत एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हाती तराजू घेतलेले माकड कोरलेले आहे. दाव्यात हरलेल्या एका ठेकेदाराने न्यायदेवतेवर उगवलेला हा सूड, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, फेरीत सर्वांत मोठा हशा येथेच पिकतो. छिन्नी धरणाऱ्यालाही स्वतःचे मत असू शकते, हे त्या हशात क्षणभर तरी मान्य होते.

तेथून फोर्टमधून चालत बोरीबंदर गाठावे. ज्या तटबंदीवरून फोर्ट हे नाव पडले, ती 1860 नंतरच्या दशकात गव्हर्नर फ्रिअर यांच्या कारकिर्दीत पाडली गेली आणि त्या मोकळ्या जागेतच हे नवे शहर उगवले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे काम 1878 मध्ये सुरू होऊन दहा वर्षे चालले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे नाव येथे सर्वांना पाठ असते. घुमटावरील ‘प्रगती’चा पुतळा टॉमस अर्प यांचा, हेही सांगितले जाते. परंतु मोर, माकडे, वेली, पानेफुले हे जे कोरीवकाम डोळा खिळवून ठेवते, त्यात जे. जे. कला विद्यालयातील विद्यार्थ्यांचा हात होता. बांधकामावर स्टीव्हन्स यांना साहाय्य करणारे अभियंते सीताराम खंडेराव वैद्य होते. त्यांचे नाव क्वचितच निघते.

या स्थानकातून रोज लाखो माणसे जातात. त्यांत कारकून आहेत, शिक्षक आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. लोकल चुकेल या धास्तीने त्यांची नजर घड्याळाच्या वर चढत नाही. त्यांना दोष कोण देईल? पण याच माणसांसाठी, परवडेल अशा शुल्कात, मराठीतून फेऱ्या निघू लागल्या, तर त्यांत मुकुंद रामचंद्र आणि वैद्य आपोआप येतील. शाळांच्या सहली राणीच्या बागेपर्यंत जातात; त्या ओव्हलपर्यंत नेण्यास फारसा खर्च येणार नाही.

स्थानकासमोरच 1893 साली पूर्ण झालेले महापालिकेचे मुख्यालय आहे. त्याचा आराखडाही स्टीव्हन्स यांचाच; ठेकेदार व्यंकू बाळाजी कालेवार. फेरी बहुधा येथेच संपते आणि मंडळी चहाला पांगतात.