आपली फाइल, पुढच्याचा उपचार

कर्करोगाच्या दवाखान्यात रुग्णाचे वजन, रक्ताचे रिपोर्ट, गाठीच्या तुकड्याचा तपास, केमोची तारीख आणि झालेला त्रास असे सगळे लिहिले जाते. आपल्याला तो नुसता कागदांचा ढीग वाटतो. पण अशा हजारो फाइली एकत्र तपासल्या, की कोणाला कोणता उपचार झेपतो हे कळते.

नवे औषध आधी निवडक रुग्णांवर तपासतात. फार वयस्कर, अशक्त, किडनीचा त्रास असलेले लोक त्यात सहसा घेत नाहीत. ओपीडीच्या रांगेत मात्र हेच लोक उभे असतात. त्यांचे काय होते, ते रोजच्या नोंदीच सांगतात.

इंग्लंडमध्ये २०१४ साली केमो घेतलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या २३ हजारांहून अधिक आणि फुप्फुसाच्या ९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. केमोनंतर ३० दिवसांत किती जण दगावले, ते मोजले. ज्यांची तब्येत आधीच खालावलेली होती, त्यांना धोका जास्त होता. काही रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त निघाले. केमो कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, याचा फेरविचार करायला त्यातून आधार मिळाला.

मात्र नोंदी जपून वाचाव्या लागतात. एका औषधाचे रुग्ण जास्त जगले, तर कदाचित ते औषध धडधाकट रुग्णांनाच दिले गेले असेल. म्हणून नव्या औषधाची रीतसर चाचणीही लागतेच.

आपल्या महाराष्ट्रात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी होते. पण पैसे संपले, मजुरी बुडते म्हणून केमो अर्ध्यावर सोडली, मोबाइल नंबर बदलला, की बस्तीतल्या माणसाची फाइल तिथेच थांबते. मग नोंदीत उरतात ते शेवटपर्यंत येऊ शकलेले लोक, आणि त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष आपल्याला लागू पडेलच असे नाही.

म्हणून एवढे करा :

• सगळे कागद तारखेप्रमाणे एकाच पिशवीत ठेवा, मोबाइलवर फोटोही काढा.
• पत्ता व नंबर बदलला तर दवाखान्यात कळवा.
• बीपी, शुगर, टीबीची औषधे, जडीबुटी, तंबाखू, दारू, काहीही लपवू नका.
• उलट्या, ताप, तोंड येणे हे तारखेसह लिहून ठेवा. केमो चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
• उपचार थांबवावा लागला तर कारण सांगा आणि समाजसेवा विभागात मदत मागा.
• डॉक्टरांना विचारा : माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या तब्येतीच्या रुग्णांना या औषधाचा किती उपयोग झाला?

हा प्रश्न विचारणे उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.