गोष्टीतला कावळा, झाडावरचा कावळा

चिऊ-काऊच्या गोष्टीतल्या कावळ्याचं घर शेणाचं. चाकणजवळच्या महाळुंग्यातला खरा कावळा मात्र घरट्यात काटक्यांबरोबर तारेचे तुकडेही गुंफतो. तिथल्या कारखानदारीत तारेला काय तोटा! मग मुलांना कुठला कावळा सांगायचा?

टोरांटोच्या पॅट्रिशिया गॅनिया आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. 3 ते 5 वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली. जिथे प्राणी माणसासारखे दाखवले होते, तिथे मुलांना त्या प्राण्यांची खरी माहिती कमी कळली. प्राणी माणसासारखा बोलतो-वागतो असं वर्णन ऐकलं, की खऱ्या प्राण्यालाही मुलं माणसाचे गुण चिकटवू लागली.

म्हणून चिऊ-काऊला हद्दपार करायचं? छे! बोलणाऱ्या चिमणीशिवाय बालपण कसलं? फक्त जोडीला खऱ्या चिमणीचं नेमकं चित्र असलेलं पुस्तकही हवं. वाचता न येणाऱ्या मुलाची नजर अक्षरांवर जेमतेम जाते, चित्रावर खिळते. चोच चुकीची रंगवली तर तीच डोक्यात बसते. मराठीत माधुरी पुरंदरे लिहितातही आणि चित्रंही स्वतःच काढतात. मजकूर आणि चित्र एकाच हातचं असण्याचा फायदा तिथे दिसतो.

पुस्तक विकत घेणं जमत नसेल, तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात. शिफ्टवरून दमून आलेल्या आई-बाबांना एक पुस्तक पुरे. सलग वाचू नका, पान उलटण्याआधी विचारा, "हा पक्षी काय खात असेल, सांग बरं?" उत्तर चुकलं तरी चालेल, सकाळी खिडकीतून दोघांना मिळून बघता येतं.