बंधुप्रीती आणि विश्वासाची निश्चिती : योहानाच्या पहिल्या पत्रातील एक सूत्र

ख्रिस्ती धर्मविचारात विश्वास आणि विश्वासाची निश्चिती या संकल्पना परस्परसंबद्ध असल्या तरी एकरूप नाहीत. देवाच्या कृपेवर भरवसा ठेवणे हा विश्वास होय. तो भरवसा आपल्या ठायी खरोखर आहे आणि आपण देवाचे आहोत, याविषयी मन निःशंक होणे ही निश्चिती होय. प्रामाणिक श्रद्धावंतही या निश्चितीला पारखा असू शकतो. भावनेचा उमाळा ओसरतो, प्रार्थना कोरडी वाटू लागते, जुने अपराध आठवतात. अशा वेळी आपला विश्वास खरा आहे हे कशावरून ओळखावे? नव्या करारातील योहानाचे पहिले पत्र या प्रश्नाला जे उत्तर देते, ते श्रद्धावंताला अंतर्मुख करण्याऐवजी शेजाऱ्याच्या दाराशी नेणारे आहे.

हे पत्र इ. स. च्या पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिले गेले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. परंपरेने त्याचा संबंध आशिया मायनरमधील इफिस नगराशी जोडला जातो. ज्या समुदायासाठी ते लिहिले गेले, त्यात फूट पडली होती; काही जण समुदाय सोडून गेले होते (2:19). मागे राहिलेल्यांना धीर देणे हा पत्राचा एक प्रमुख हेतू दिसतो. म्हणूनच ‘यावरून आपणांस कळते’ अशा अर्थाची शब्दयोजना त्यात वारंवार येते.

या संदर्भात तिसऱ्या अध्यायातील चौदावे वचन मध्यवर्ती आहे. आपण मरणातून जीवनात आलो आहो हे आपण जाणतो, कारण आपण बंधूंवर प्रीती करतो, असा त्याचा आशय आहे. येथील ‘कारण’ कोणत्या क्रियापदाशी जोडावयाचे, यावर संपूर्ण अर्थ अवलंबून आहे. ते ‘आलो आहो’ याच्याशी जोडले, तर प्रेमाच्या मोबदल्यात जीवन मिळते असे होईल. ते ‘जाणतो’ याच्याशी जोडले, तर प्रेम ही त्या जीवनाची खूण ठरते. पत्राचा एकूण रोख दुसऱ्या अर्थाकडे आहे. योहानाच्या शुभवर्तमानातही (5:24) मरणातून जीवनात जाण्याचा हाच शब्दप्रयोग आढळतो. मात्र तेथे वचन ऐकणे आणि विश्वास ठेवणे यांच्याशी त्याचा संबंध जोडला आहे. दोन्ही वचने एकत्र ठेवली असता असे म्हणता येईल की, विश्वासामुळे जीवन लाभते आणि प्रेमावरून ते लाभल्याचे कळते. मराठीतील ‘मुळे’ आणि ‘वरून’ या दोन शब्दयोगी अव्ययांतील अंतर हेच या सिद्धान्ताचे मर्म होय.

हे प्रेम कोणत्या स्वरूपाचे असावे, हे पुढील तीन वचनांतून (3:16-18) स्पष्ट होते. प्रथम ख्रिस्ताच्या प्राणार्पणाचा उल्लेख येतो आणि आपणही बंधूंसाठी प्राण द्यावा असे सांगितले जाते. तेथे मूळ ग्रीक शब्द ‘प्स्युखे’, म्हणजे प्राण, हा आहे. लगेच पुढच्या वचनात ‘बिओस’, म्हणजे उपजीविकेचे साधन, हा शब्द येतो. प्राण देण्याचा प्रसंग क्वचितच कोणावर येतो. पण घरातील धान्य गरजवंताला देण्याचा प्रसंग रोजचाच असतो. गरजवंत दिसूनही जो त्याच्याबाबतीत आपले ‘स्प्लांख्ना’ बंद करतो, त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहील, असे पत्रकर्ता विचारतो. या शब्दाचा मूळ अर्थ आतडी असा आहे. दुसऱ्याच्या दुःखाने ‘आतडे तुटते’ असे म्हणणाऱ्या मराठी भाषकाला ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. अठराव्या वचनात शब्दांच्या प्रीतीच्या जागी कृतीची आणि सत्याची प्रीती मागितली आहे.

त्यानंतरच निश्चितीचा विषय येतो. आपले अंतःकरण आपल्याला दोष देऊ लागले, तर अशा प्रीतीच्या आधारे आपण त्याला देवासमोर शांत करू शकू. कारण देव आपल्या अंतःकरणाहून थोर असून सर्व जाणतो, असे पत्रकर्ता म्हणतो (3:19-20). दोषी मनाची समजूत घालताना त्याच्यासमोर प्रत्यक्ष घडलेली कृती ठेवली जाते, हे येथे लक्षणीय आहे. परंतु शेवटचा आधार ती कृती नाही. सर्व जाणणारा देव हाच तो आधार होय.

हे संतुलन राखणे सोपे नाही, याची साक्ष ख्रिस्ती विचाराचा इतिहास देतो. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने सत्कृत्यांना पाया मानण्यास नकार दिला. मात्र कृपेवर आधीच विसावलेल्या मनाला त्यांपासून दुय्यम बळ मिळते, हे त्याने मान्य केले. जॉन वेस्लीचे उदाहरण याहून बोलके आहे. 1730 पासून ऑक्सफर्डमध्ये तो आणि त्याचे सहकारी तुरुंगातील कैद्यांना भेटत व गरिबांना साहाय्य करीत. तरीही त्याला निश्चिती लाभली नाही. ती त्याला 24 मे 1738 रोजी लंडनमधील एका सभेत लाभली. पुढे उतारवयात आपल्या जुन्या नोंदींना टिपा जोडताना, आपल्या ठायी तेव्हाही सेवकाचा विश्वास होता, पुत्राचा मात्र नव्हता, असे त्याने नमूद केले. सेवा होती, पण ती स्वतःच्या तारणाची चिंता वाहत होती.

मराठी परंपरेत पंडिता रमाबाईंचे चरित्र या प्रश्नाला आणखी एक परिमाण देते. इंग्लंडमध्ये फुलम येथे ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी करीत असलेले कार्य पाहून त्या प्रभावित झाल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन स्थापन केले. तथापि, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी 1907 च्या आपल्या साक्षीत दिली आहे. अंतरीची खात्री त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आली. म्हणजे इतरांच्या प्रेमकृतीने त्यांना श्रद्धेच्या दारापर्यंत आणले. पण स्वतःच्या कार्याला त्यांनी श्रद्धेचा पर्याय मानले नाही. खात्रीनंतर ते कार्य थांबले नाही, उलट विस्तारले. 1870 च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले.

या सिद्धान्तावर एक गंभीर आक्षेप संभवतो. निश्चितीसाठी प्रेम करावयाचे, तर गरजवंत हा केवळ साधन ठरणार नाही काय? ज्याला स्वतःच्या खात्रीसाठी उपाशी माणूस हवा, त्याचे प्रेम त्या माणसावर नाही. या आक्षेपाचे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दृश्यात (25:31-46) सापडते. तेथे भुकेल्यांना अन्न देणाऱ्या नीतिमानांना आपण ख्रिस्ताची सेवा केली हे ठाऊकच नसते. ते आश्चर्याने ‘केव्हा?’ असे विचारतात. त्यांनी हिशेब ठेवलेला नव्हता.

योहानाच्या पत्राचे वाचनही याच दिशेने करावयास हवे. निश्चिती हे प्रेमाचे उद्दिष्ट नव्हे. गरजवंताकडे पाहणारी दृष्टी काही काळ स्वतःवरून हटते आणि त्याच अवधीत, नकळत, दोष देणारे अंतःकरण शांत होण्याची वाट मोकळी होते. आपण देवाचे आहोत काय, या प्रश्नाचे उत्तर हे पत्र दुसऱ्या प्रश्नातून शोधावयास सांगते : समोर उभ्या असलेल्या उपाशी माणसाला जेवण मिळाले काय?