टाचेनं केलेली खळगी

सिडनीच्या उपनगरातल्या मैदानावर शनिवारी रग्बी लीग बघायला गेलात, तर गोल मारणाऱ्यावर नजर ठेवा. एक पोरगा प्लॅस्टिकचं टी घेऊन धावत येतो. खेळाडू त्यावर चेंडू टेकवतो, मागं सरकतो आणि मग बराच वेळ काहीच करत नाही. मला तो काही न करण्याचा वेळच बघायला आवडतो.

जुन्या जमान्यातला गोल मारणारा डॅली मेसेंजर, त्याच्या काळी टी कुठलं? बुटाच्या टाचेनं मातीत खळगी करायची, त्यात चामड्याचा चेंडू उभा करायचा. पाऊस झाला की तोच चेंडू पाणी पिऊन जड. 1911च्या मोसमात मेसेंजरनं 270 गुण केले, तेही गोलला दोन आणि ट्रायला तीनच गुण असताना.

डॅलीचं खरं नाव हर्बर्ट हेन्री मेसेंजर, जन्म 1883चा. सिडनीतल्या डबल बेला वडिलांचा होड्यांचा कारखाना होता, तोही तिथंच राबायचा. शनिवारी रग्बी युनियन, पण फुकट. युनियनचा बाणाच हौशी. खेळताना हात मोडला तर बुडालेली मजुरी ज्याची त्यानं सोसायची. 1907 मध्ये युनियन खेळणारा अ‍ॅलेक बर्डन जायबंदी झाला. पेशानं न्हावी, हात चालेना म्हटल्यावर कमाई कसली? चीड साचतच होती, तिला तोंड फुटलं. बैठका भरल्या त्या व्हिक्टर ट्रंपरच्या खेळसाहित्याच्या दुकानात. हो, तोच ट्रंपर, क्रिकेटवाला.

8 ऑगस्ट 1907ला न्यू साउथ वेल्स रग्बी लीग उभी राहिली. पण नुसत्या ठरावाला तिकीट काढून कोण येणार? लीग उभारणाऱ्या जेम्स गिल्टिननला मेसेंजर हवा होता, आणि त्यासाठी मेसेंजरच्या आईची परवानगी मिळवावी लागली. माझ्या मते या बंडातली सगळ्यात महत्त्वाची वाटाघाट ती! 17 ऑगस्टला न्यूझीलंडच्या संघाशी सामना झाला, सुमारे 20,000 लोक आले. गंमत म्हणजे लीगचे नवे नियम कुणाकडेच नव्हते, म्हणून खेळले युनियनच्या जुन्याच नियमांनी. न्यूझीलंड 12-8 जिंकलं. पाहुण्यांना पैसे मिळतात म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना ‘ऑल गोल्ड्स’ म्हणून हिणवलं. त्यांच्याच संघातून मेसेंजर इंग्लंडला गेला.

युनियननं त्याला हाकललं, नोंदींतून नाव खोडलं. ईस्टर्न सबर्ब्सला त्यानं 1911 ते 1913 सलग तीन विजेतेपदं मिळवून दिली आणि खेळ थांबवला. 1959 मध्ये तो वारला. युनियननं त्याचं नाव नोंदींत परत घातलं ते 2007 मध्ये.